भरल्या पानावरून उठून

अक्रोडाच्या खालच्या फांदीवरचं ते पान काही केल्या डोक्यातून जात नाही. अक्रोडाचं पान म्हणजे एका लांब देठावर बसलेल्या पाच, सात किंवा नऊ पर्णिका. टोकाची एकटी आणि बाकीच्यांपेक्षा थोराड. त्या थोराड पर्णिकेच्या कडेला कुणीतरी खायला सुरुवात केली होती. ओरबाडलेलं नव्हतं, चांगलं मन लावून खाल्लेलं दिसत होतं. कडेपासून आत नखाएवढा अर्धगोल नीट कापलेला. मग मधली शीर यायच्या पुष्कळ अलीकडे काम थांबलं होतं. कापलेल्या कडेला काळपट तपकिरी रेघ उमटली होती, बारीक आणि एकसारखी, आणि रेघेच्या पलीकडे पान पुन्हा हिरवंगार. शेजारच्या पर्णिकांना कुणी शिवलंही नव्हतं. अळी नाही, अळीची विष्ठा नाही, रेशमाचा धागा नाही. एवढं अन्न समोर असताना कुणीतरी भरल्या पानावरून उठून गेलं होतं.

पान खाल्लं जातं यात नवल नाही. नवल वाटायला हवं ते खाणं मध्येच सुटतं याचं, आणि त्याचंच आपल्याला कधी वाटत नाही. भर पावसाळ्यात कुठल्याही झाडाखाली उभं राहून वर पाहा. चार पानांना भोकं असतील, दोन कडेला कुरतडलेली असतील, बाकीचं झाड जवळपास शाबूत. पानं खाऊन जगणाऱ्या कीटकांच्या लाखो जाती या पृथ्वीवर आहेत, त्यातल्या अळ्यांना तर खाण्याखेरीज दुसरा उद्योग नाही, आणि तरी हिरवा रंग शिल्लक आहे. 1960 मध्ये हेअरस्टन, स्मिथ आणि स्लोबॉडकिन या तिघा अमेरिकी परिसरशास्त्रज्ञांनी हाच बाळबोध वाटणारा प्रश्न एका छोट्याशा लेखात घेतला. त्यांचं उत्तर असं की खाणाऱ्यांना खाणारे आहेत, म्हणून झाडं वाचतात. त्यावर आक्षेप आला: हिरवं दिसतं म्हणून ते खाण्याजोगं आहे असं कुणी सांगितलं? पानं स्वतःच इतकी कडू, चिवट आणि विषारी असतात की खाणाऱ्याला पुरेसं मिळतच नाही. हा वाद पुढे पुष्कळ वर्षं चालला. मला तो वाचताना दोन्ही बाजू पटत राहिल्या, आणि अशा वेळी माणसाला जो अपराधी गोंधळ होतो तो झाला. मग अक्रोडाचं पान हातात घेऊन बसलो.

आधी वास. पान बोटांत चुरडलं की पहिल्यांदा काहीतरी आंबट, ताजं येतं, मग राळेचा वास, आणि शेवटी औषधी, कडवट, घशाशी रेंगाळणारा. हा वास पानाच्या आत कुठे खोल दडलेला नसतो. पानाच्या अंगावर सूक्ष्म ग्रंथी असतात, काही बुटक्या केसांच्या टोकाला, काही चपट्या आणि पृष्ठभागालाच चिकटलेल्या. त्यांत सुगंधी तेलं भरलेली असतात आणि जरा धक्का लागला की त्या फुटतात. आपल्याला हा सुवास वाटतो, कारण आपण पानापेक्षा हजारो पटींनी मोठे आहोत. अंड्यातून नुकतीच बाहेर पडलेली, दोन-तीन मिलिमीटरची अळी त्याच पृष्ठभागावरून चालते तेव्हा तिला दर पावलाला एक चिकट, उग्र थेंब ओलांडायचा असतो. पानाचा पहिला घास घेण्याआधीच तिची परीक्षा सुरू झालेली असते.

वास तासाभरात उडून जातो. डाग उडत नाही.

कोवळ्या हिरव्या फळाची साल सोलणाऱ्यांना हे जास्त माहीत, पण पानही तेच करतं. बोटं आधी नुसती पिवळसर दिसतात. थोड्या वेळाने तपकिरी होतात, संध्याकाळपर्यंत काळपट. साबण, लिंबू, दगड, काही चालत नाही. कातडीचा तो थर झिजून गेला की डाग जातो, आपल्या सोयीने नाही. कॉलेजात वनस्पतिसंग्रहासाठी आम्ही पानं दाबून वाळवायचो. बाकीची पानं कागदाच्या घडीत हळूहळू फिकी होत, अक्रोडाचं पान मात्र काळंकुट्ट होऊन निघे, आणि खालच्या टीपकागदावर स्वतःची एक तपकिरी प्रत सोडून जाई, शिरांसकट. आमच्या बाई म्हणायच्या, "हा नमुना नको, रंगच राहिला नाही." नमुना मी टाकून देत असे. तो टीपकागद मात्र टाकवत नसे.

त्या डागामागचं द्रव्य म्हणजे जुग्लोन. 1856 मध्ये ते अक्रोडातून पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं आणि 1887 मध्ये प्रयोगशाळेत तयारही झालं. शुद्ध रूपात त्याचे पिवळे-नारिंगी स्फटिक असतात. मेंदीच्या पानातलं लॉसोन आणि हे जुग्लोन यांत अणू अगदी तेवढेच आणि तेच: दहा कार्बन, सहा हायड्रोजन, तीन ऑक्सिजन. फक्त एक हायड्रॉक्सिल गट एका जागेऐवजी दुसऱ्या जागी बसलाय. दोघांचा स्वभावही एकच, प्रथिन दिसलं की त्याला धरून बसायचं. आपल्या कातडीतल्या केराटिनला धरलं की रंग चढतो. अळीच्या आतड्यातल्या प्रथिनांना धरलं की तिचं पचन बिघडतं. माझ्या बोटावरचा डाग आणि अळीच्या पोटातली कळ ही एकाच रासायनिक क्रियेची दोन टोकं आहेत, हे कळल्यापासून मी तो डाग जरा आदराने पाहतो. जुग्लोनचा दुसरा उपद्व्याप याहून वाईट. ते पेशीतले इलेक्ट्रॉन उचलतं, ऑक्सिजनला देतं, पुन्हा रिकामं होऊन पुढचे उचलायला जातं. प्रत्येक फेरीत सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड असली पेशी जाळणारी द्रव्यं तयार होत राहतात. एक रेणू, पण त्याच्या खेपा किती हे मोजायला नको.

मग हे असलं जहाल द्रव्य झाड स्वतःच्या पानात कसं बाळगतं? तर ते बाळगतच नाही, निदान त्या रूपात नाही. धडधाकट पानात मुख्यतः असतं ते त्याचं निरुपद्रवी, रंगहीन रूप: हायड्रोजुग्लोन, आणि त्याला जोडलेला ग्लुकोजचा एक रेणू. साखर लटकवली की ते पाण्यात विरघळतं, पेशीतल्या रसधानीत गुपचूप पडून राहतं आणि झाडाला त्रास देत नाही. ही साखर तोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, पेशीत वेगळ्या कप्प्यात असतं. अळीचा जबडा पानात घुसला की कप्पे फुटतात, दोघांची गाठ पडते, साखर सुटते, उरलेल्या भागाला हवा लागते आणि जुग्लोन तयार होतं. म्हणजे विष बनवण्याचं शेवटचं काम झाड करतच नाही. ते खाणाराच करतो, स्वतःच्या दातांनी.

कापलेल्या कडेची ती तपकिरी रेघही याच घडामोडीची खूण. तिथे आणखी एक विकर कामाला लागतं, पॉलीफिनॉल ऑक्सिडेज. फुटलेल्या पेशींतून सांडलेल्या फिनॉल द्रव्यांना हवेतल्या ऑक्सिजनशी गाठ घालून देणं, त्यांना तपकिरी आणि चिकट करणं, जखमेची कड बंद करणं, हे त्याचं काम. पुष्कळ वर्षं या विकराकडे फक्त संरक्षणाची सामग्री म्हणून पाहिलं गेलं. 2014 मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी अक्रोडाच्या रोपांत त्याचं जनुक गप्प करून पाहिलं. वाटेल असं की पानं जरा असुरक्षित होतील, एवढंच. झालं भलतंच. कुणीही हल्ला न करता त्या पानांवर आपोआप मेलेल्या पेशींचे ठिपके पडू लागले. रोजच्या चयापचयातला टायरामीन नावाचा पदार्थ साचत गेला आणि पेशी मरू लागल्या. मला हा प्रयोग फार आवडतो. झाडात "फक्त शत्रूसाठी" असं ठेवलेलं काही नसतं, घरातलं कामही त्याच हाताने चालतं, हे तो इतक्या रोखठोकपणे दाखवतो.

आता अळीच्या बाजूने बघू. अक्रोडाच्या पानात जुग्लोनखेरीज टॅनिनंही भरपूर, त्यातही एलॅजिटॅनिन या गटातली. टॅनिन म्हटलं की आपल्याला तोंड आवळून येतं तेवढंच आठवतं. पण बऱ्याचशा अळ्यांचं आतडं चांगलंच अल्कधर्मी असतं, आणि त्या वातावरणात ही एलॅजिटॅनिनं पटापट ऑक्सिडीकरण पावतात आणि पुन्हा तेच पेरॉक्साइडचं शुक्लकाष्ठ मागे लागतं. यात अळी जागच्या जागी मरते असं नाही. बहुतेक वेळा मरतच नाही. ती हळू वाढते. अंगाला लागायला हवं ते अन्न विष उतरवण्यात खर्च होतं, कात टाकायला उशीर होतो, आणि जी अळी लवकर मोठी होऊन कोषात शिरायची ती आणखी बरेच दिवस पानावर उघडी पडते. तेवढे दिवस पक्षी येतात, गांधीलमाश्या येतात, अंगात अंडी घालणाऱ्या बारीक माश्या येतात. 1960 च्या त्या वादातली दोन्ही उत्तरं इथे एकमेकांत गुंततात. पान कडू आहे म्हणून अळी वाचत नाही, आणि शिकारी आहेत म्हणून कडूपणा पुरतो. एकाला बाजूला काढून दुसऱ्याचं श्रेय मोजता येत नाही.

या सगळ्याची गाजावाजा झालेली बाजू मात्र वेगळीच आहे. अक्रोडाची सावली वाईट, तिच्याखाली काही उगवत नाही, हे पहिल्या शतकात रोमच्या थोरल्या प्लिनीनेही लिहून ठेवलंय. त्याच्या मते त्या सावलीत माणसाचं डोकंही जड होतं. 1928 मध्ये डेव्हिस नावाच्या संशोधकांनी काळ्या अक्रोडातलं, म्हणजे अक्रोडाच्या अमेरिकी जातीतलं, टोमॅटो आणि लसूणघास मारणारं द्रव्य म्हणजे जुग्लोनच हे दाखवलं आणि बदनामीवर शास्त्राचा शिक्का बसला. तेव्हापासून अक्रोड म्हणजे शेजाऱ्यांवर विषप्रयोग करणारं झाड. खऱ्याखुऱ्या जमिनीत हे कितपत घडतं यावर अभ्यासकांत अजून मतभेद आहेत, कारण मातीतले जिवाणू जुग्लोन मोडून टाकतात. मला विचाराल तर शेजारच्या टोमॅटोची एवढी चर्चा करताना पानाकडे थोडं दुर्लक्षच झालं. द्रव्य पानात असतं, सालीत असतं, फळाच्या हिरव्या कवचात असतं. जिथे कुणी चावा घेण्याचा संभव तिथे. झाडाला आधी स्वतःची काळजी असणार, शेजाऱ्याचं वाईट नंतर.

आणि तरीही अक्रोड खाऊन गुटगुटीत होणारे आहेतच.

उत्तर अमेरिकेतला लूना नावाचा पतंग पाहिला नसेल तर त्याचं चित्र तरी पाहावं: फिकट हिरवे पंख, मागे लांब वळणदार शेपट्या. प्रौढ पतंगाचं तोंड इतकं अपुरं असतं की तो काही खातच नाही. आठवडाभराचं आयुष्य तो अळीपणी खाल्लेल्यावर काढतो. आणि अळीपणी तो अक्रोडाची पानं खुशाल खातो. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लूनाच्या आणि त्याच्याच कुळातल्या प्रोमेथिया पतंगाच्या अळ्यांना जुग्लोन लावलेली पानं दिली. प्रोमेथियाच्या अळ्यांनी खाणं टाकलं, त्या वाढायच्या ऐवजी घटल्या. लूनाच्या अळ्यांना काही फरक पडला नाही. त्यांच्या आतड्यात क्विनोन रिडक्टेज हे विकर भरपूर असतं. ते जुग्लोनला एकदम दोन इलेक्ट्रॉन देऊन गप्प करतं, ऑक्सिजनकडे खेपा घालायची संधीच ठेवत नाही. एकाच कुळातले दोन पतंग, एकच पान, आणि एकाला ते जेवण तर दुसऱ्याला उपास.

त्याहून मजेदार प्राणी म्हणजे अक्रोडावरच्या स्फिंक्स पतंगाची अळी, अमोर्फा जुग्लँडिस. ती शिट्टी वाजवते. हो, अळी. तोंडाने नाही, शेपटीकडच्या श्वसनरंध्रांच्या शेवटच्या जोडीतून ती हवा जोरात बाहेर सोडते. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात जेन यॅक आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये याचा छडा लावला. चिमट्याने हळूच दाबलं की अळी डोकं मागे खेचते, शरीर आखडतं आणि शिट्टी येते, कधी चार सेकंदांपर्यंत. मग त्यांनी पिवळ्या वटवट्यांना या अळ्या दाखवल्या. पक्षी चोच मारायला आला, शिट्टी ऐकून दचकला, उडाला, आणि अळी सुखरूप राहिली. पानाच्या विषाला पचवून झालं तरी शिकाऱ्यांचा हिशेब उरतोच, त्याची ही तजवीज. झाडाच्या दृष्टीने पाहिलं तर ही शिट्टी म्हणजे मोठीच आगळीक. झाड ज्यांच्यावर विसंबून आहे त्या पक्ष्यांनाच ती पळवून लावते.

इथपर्यंत पान हे मी एक कडू, जागरूक, एकटं पान समजून वाचत होतो. मग ते उलटं करून भिंगाखाली धरलं.

अक्रोडाच्या पर्णिकेची खालची बाजू बरीचशी गुळगुळीत असते. पण मधल्या शिरेपासून जिथे बाजूची शीर फुटते, त्या बेचक्यात लवेचा एक छोटासा झुबका असतो. प्रत्येक बेचक्यात एक. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून तो पांढुरका, आडवातिडवा, जरा विस्कटलेला दिसतो. मी पाहत होतो तेव्हा त्यातून काहीतरी बाहेर आलं. अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान, पेरूच्या आकाराचं, चकचकीत, जवळजवळ पारदर्शक. ते शिरेवरून झपाझप धावत गेलं, थबकलं, पुढचे पाय हवेत चाचपले, वळलं आणि पुढच्या बेचक्यात घुसलं. जाळं विणणारा घरातला कोळी नव्हे, त्याचा दूरचा नातलग. परभक्षी कोळी, फायटोसेइड कुळातला. पानातला रस शोषणाऱ्या लाल कोळ्यांवर आणि त्यांच्या अंड्यांवर हा जगतो. त्याच्या बरोबरीने त्या लवेत टायडेइड कुळातलेही असतात, ते बुरशीचे तंतू आणि बीजाणू चरतात. तो झुबका म्हणजे झाडाने येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी काढून ठेवलेली ओसरी आहे. तिथे दमटपणा टिकतो, वारा लागत नाही, अंडी घालता येतात, कात टाकताना कुणी मोठा शिकारी सहज गाठू शकत नाही. झाड त्यांना खायला देत नाही, निवारा तेवढा देतं.

या बेचक्यांना पहिल्यांदा गांभीर्याने घेतलं स्वीडनच्या अॅक्सेल लुंडस्ट्रोम यांनी, 1887 साली. (जुग्लोन प्रयोगशाळेत बनलं तेही त्याच वर्षी, कुणी पानातलं विष जुळवत होतं आणि कुणी पानातले पाहुणे मोजत होतं, त्यांना एकमेकांचा पत्ता असण्याचं काही कारण नाही.) त्यांनी कितीतरी वृक्षवेलींत असे झुबके आणि खळगे नोंदवले आणि म्हटलं, हे कोळ्यांसाठीच आहे, आणि त्यात झाडाचा फायदा आहे. पुढची जवळजवळ शंभर वर्षं कुणी फारसं ऐकलं नाही. 1997 मध्ये अनुराग अग्रवाल आणि रिचर्ड कारबन यांनी एक साधीच गोष्ट केली. कपाशीच्या ज्या जातीला असे झुबके नसतात, तिच्या पानांच्या बेचक्यात त्यांनी कापसाचे कण चिकटवले. शिकारी कीटक-कोळी वाढले, खाणारे कमी झाले, बोंडं जास्त आली. कपाशीला तिच्याच कापसाची ओसरी बांधून दिली आणि ती लगेच भरली.

या लवेची एक उलटी गोष्टही त्याच पानावर सापडते, आणि मला ती जास्त अस्वस्थ करते. काही पर्णिकांवर वरच्या बाजूला फुगवटे दिसतात, फोड आल्यासारखे. उलटून पाहिलं तर फुगवट्याच्या पोटात पांढरी-पिवळसर, दाट, नमद्यासारखी लव. बेचक्यातला झुबका झाडाने आपणहून उगवलेला. ही लव झाडाकडून उगवून घेतलेली. करवून घेणारा आहे असेरिया एरिनिया, इरिओफाइड कुळातला कोळी, मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढा, किड्यासारखा लांबुडका आणि कोळी असूनही फक्त चार पायांचा. तो पानाच्या पेशींना असं काही करतो की त्या केस होऊन वाढू लागतात, आणि मग त्या केसांतच तो राहतो, तिथेच खातो, तिथेच वंश वाढवतो. हिवाळा कळ्यांच्या खवल्यांखाली काढतो आणि पालवी फुटली की पुन्हा हजर. हे प्रकरण इतकं फसवं की एके काळी वनस्पतिशास्त्रज्ञांनी या लवेला बुरशी समजून एरिनियम नावाच्या प्रजातीत घातलं होतं. जुग्लोन, टॅनिन, तेलग्रंथी, सगळं जिथल्या तिथे असताना हा इवलासा जीव झाडाच्या बांधकाम खात्यालाच हाताशी धरतो. आणि झाड? फारसं काही करत नाही. फोड आलेलं पान काम करत राहतं, फळावर परिणाम होत नाही, बागवालेही त्यावर सहसा औषध मारत नाहीत. ओसरीत कोण बसलंय आणि आतली खोली कुणी बळकावली आहे हे झाडाला कळत असेल का, हा प्रश्न मी विचारू नये हे मला समजतं. तरी तो येतो.

पाहुण्यांवर विसंबणं महागात कसं पडतं ते माव्याने दाखवलं. अक्रोडावरचा मावा पिवळसर, पानाच्या खालच्या बाजूला शिरांलगत बसणारा. तो चावत नाही, सुईसारखी सोंड थेट अन्नरसाच्या नळीत घालतो, त्यामुळे फुटलेल्या कप्प्यांची ती सगळी योजना त्याच्यापुरती जवळजवळ बाद होते. वर त्याचा चिकट स्राव पानांवर पडतो आणि त्यावर काळी बुरशी चढते. अक्रोड आपल्या मूळ मुलखातून, मध्य आशिया आणि इराणकडून, माणसाबरोबर कॅलिफोर्नियात पोचला. मागोमाग मावाही पोचला. त्याला मुळात आवरणारी ट्रायॉक्सिस पॅलिडस ही बारीक गांधीलमाशी मात्र मागेच राहिली. ती माव्याच्या अंगात अंडं घालते, आत तिची अळी वाढते, मावा फुगून कागदी, तपकिरी पोकळ कवच होऊन पानावर चिकटून राहतो. 1959 मध्ये फ्रान्समधून ही माशी नेली. किनाऱ्याजवळ ती रुळली, पण बहुतेक बागा होत्या आतल्या तापलेल्या खोऱ्यात, तिथे ती टिकेना. मग 1968 मध्ये तीच जात इराणच्या पठारावरून आणली, जिथला उन्हाळा तसाच कोरडा आणि भाजणारा. ती टिकली, पसरली आणि माव्याचा प्रश्न बराचसा मिटला. झाड नेलं, पण त्याच्या संरक्षणाचा एक भाग झाडाच्या बाहेर, दुसऱ्याच्या पंखांवर होता. तो पोचायला फार वर्षं लागली.

झाड या मंडळींना बोलावतंही का? अनेक वनस्पती बोलावतात, हे आता चांगलं माहीत आहे. रस शोषणाऱ्या कोळ्यांनी ग्रासलेलं पान वेगळे वास सोडतं आणि परभक्षी कोळी त्या वासाच्या दिशेने चालत येतात. या वासांतला एक म्हणजे मिथाइल सॅलिसिलेट, दुखऱ्या गुडघ्याला चोळायच्या मलमाचा तो ओळखीचा वास. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या राष्ट्रीय वातावरण संशोधन केंद्राच्या मंडळींना कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस गावाजवळच्या अक्रोडाच्या बागेवरच्या हवेत हा वायू सापडला. ते गेले होते झाडांतून सुटणारे एकूण वायू मोजायला. अख्खी बागच्या बाग मलमाचा वास सोडतेय, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. तिथे कारण कीटक नव्हते. पाण्याची ओढ आणि थंड रात्रींनंतर चढणारा दिवस, या ताणाने झाडं ते सोडत होती. पण आतून हैराण झालेलं झाड जे सोडतं तेच बाहेरच्या शिकाऱ्यांना "इकडे काहीतरी मिळेल" असं कळवू शकतं. हाक मारणं आणि कण्हणं यांत झाड फरक करत नसावं. मला हे वाक्य लिहिताना थोडी भीती वाटते, कारण झाडाला माणूस करून टाकायचा मोह इथेच होतो. पण मलमाचा वास नाकात बसलेला असताना तो टाळणं कठीण आहे.

तर ती अळी का उठली? ग्रंथींचा उग्र थेंब लागला आणि तिने नाद सोडला, असं असू शकेल. पण मग एवढा अर्धगोल खाल्ला कसा? पहिले घास गेले आणि मग पोटात गडबड सुरू झाली, हे जास्त पटतं. जुग्लोन आणि टॅनिन यांना काम करायला थोडा वेळ लागतो. किंवा ती मजेत खात होती आणि पक्ष्याने उचलली. पक्षी मागे काही ठेवत नाही. एखाद्या गांधीलमाशीने तिला वळकटी करून नेली असेल. किंवा काहीच नाटक नसेल: कात टाकायची वेळ आली की अळ्या आपणहून खाणं थांबवतात आणि आडोशाला जाऊन निवांत बसतात. अक्रोडावर सामुदायिक वस्ती करणाऱ्या डटाना जातीच्या अळ्या तर कात टाकायला झुंडीने खोडावर उतरतात आणि तिथे जुन्या कातींचा केसाळ ढीग सोडून पुन्हा वर जातात. तपकिरी रेघ या सगळ्या शक्यतांत सारखीच उमटणार. पानावर जखमेची नोंद होते, कारणाची होत नाही. मला आधी याचा राग यायचा. आता वाटतं, कारण एकच असेल हा हट्टच चुकीचा. थोडं कडू, थोडं हळू, थोडं उघडं पडणं, मग कुणीतरी येणं. यातलं नेमकं कुठलं शेवटचं ठरलं याने झाडाला काय फरक पडतो?

फरक पडतो तो बाग राखणाऱ्याला. फळ पोखरणाऱ्या अळीसाठी सरसकट जहाल औषध मारलं की ती अळी मरते, आणि बेचक्यातले परभक्षी कोळीही मरतात. रस शोषणारे लाल कोळी मात्र वेगाने सावरतात. कडक उन्हाळ्यात त्यांची पिढी आठवडा-दीड आठवड्यात पुरी होते आणि आता त्यांना अडवायला कुणी नसतं. दोन-तीन आठवड्यांत हिरवी पानं बारीक ठिपक्यांनी भरून पितळी पडतात, जाळी दिसू लागते, आणि मग त्या कोळ्यांसाठी आणखी एक औषध आणावं लागतं. जुग्लोन तेव्हाही पानात तेवढंच असतं. लवेचे झुबकेही असतात, फक्त रिकामे. म्हणून जाणते बागवाले फवारणी ठरवण्याआधी भिंग घेऊन बागेत फिरतात, वेगवेगळ्या उंचीवरच्या पर्णिका उलट्या करतात आणि दोन्ही मोजतात: किती पर्णिकांवर खाणारे आहेत आणि किती पर्णिकांवर त्यांना खाणारे. दुसरा आकडा बरा निघाला तर पंप बाहेर काढत नाहीत, आणि थोड्या दिवसांनी पुन्हा येऊन मोजतात.